तेलाचे नळ आणि अमेरिकेतील संसार

अमेरिकेतल्या तेलाच्या नळांशी आपल्याला काय कर्तव्य, असे आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. पण ज्या देशात नोकरी एका दिशेला, किराणा दुसऱ्या दिशेला आणि मुलांची शाळा तिसऱ्याच दिशेला, अशी संसाराची मांडणी झाली आहे, तेथे पेट्रोलचा भाव हा केवळ मोटारवाल्यांचा प्रश्न राहत नाही. तो घरखर्चाचा प्रश्न होतो. दुधाचा किंवा अंड्यांचा भाव दुकानात शिरल्यावर कळतो. पेट्रोलचा भाव मात्र तेथे रस्त्यारस्त्यावर उंच खांबाला मोठमोठ्या आकड्यांत टांगलेला असतो, आणि शेवटचे सेंटाचे नऊ दशांशसुद्धा त्यावर लिहायला पंपवाले विसरत नाहीत. ह्या पाटीकडे बोट दाखवून तेथे निवडणुका लढवल्या जातात. ‘नळ टाका, म्हणजे जगणे स्वस्त होईल’ अशी एका बाजूची घोषणा. ‘नळ टाकाल तर जमीन आणि पाणी नासेल’ अशी दुसरीची.

दुसरीच्या म्हणण्याकडे मी पुढे येणारच आहे. पहिलीच्या म्हणण्यात मात्र एक गल्लत आहे, आणि आजचे सारे विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे. नळाने तेल स्वस्त होत नाही. तेलाची वाहतूक स्वस्त होते. वाहतुकीत वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडावा हे नळाच्या हाती नसते. ते नळाच्या दोन्ही टोकांना कोण बसले आहे त्यावर ठरते.

ह्याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. अगदी पहिल्याच नळाची हकीकत पुरेशी आहे. पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकने १८५९ मध्ये सुमारे ७० फुटांवर तेल काढले आणि त्या डोंगराळ मुलखात एकच झुंबड उडाली. तेल निघाले खरे, पण ते न्यायचे कसे? लाकडी पिंपांत भरून, घोडागाडीवर लादून, गुडघाभर चिखलातून रेल्वेच्या ठेसनापर्यंत. हे काम करणारे गाडीवान त्या प्रदेशाचे खरे राजे होते. पिंपामागे दोन-तीन डॉलर ते सहज मागत. पाऊस पडला की आणखी. सॅम्युअल व्हॅन सिकल नावाच्या एका तेलव्यापाऱ्याने १८६५ मध्ये पिटहोल गावापासून मिलर फार्मच्या ठेसनापर्यंत पाचएक मैल दोन इंची लोखंडी नळ टाकला आणि मध्ये वाफेचे पंप बसवले. पिंपामागे एक डॉलर भाडे त्याला पुरू लागले. शेकडो गाड्यांचे काम तो नळ एकटा करी. गाडीवानांनी रात्री येऊन नळ उखडला. तेव्हा बंदुकवाले पहारेकरी ठेवावे लागले. (पिटहोलची गोष्ट मोठी विलक्षण आहे. काही महिन्यांत वसलेले हे शहर तेल आटताच ओस पडले आणि ज्या जमिनीला लाखांनी मोल आले होते ती १८७८ मध्ये ४ डॉलर ३७ सेंटांना विकली गेली.)

गाडीवान गेले, वाहतूक स्वस्त झाली. पण पिंपामागे वाचलेले ते दोन डॉलर दिव्यात रॉकेल घालणाऱ्या गृहिणीला मिळाले काय? लगेच नाही. गाडीवानांच्या जागी रेल्वे आली, आणि रेल्वेशी गुप्त सवलतींचा करार करून रॉकफेलर आला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी १८७९ मध्ये ॲलेघेनी पर्वत ओलांडून विल्यम्सपोर्टपर्यंत १०९ मैलांचा ‘टाइडवॉटर’ नळ टाकला. इतक्या उंचीवर तेल चढणारच नाही, असे जाणकार म्हणत होते, ते चढले. रॉकफेलरने ह्यावर काय केले असेल? रडत बसला नाही. स्वतः नळ टाकले, टाइडवॉटरचे भाग विकत घेतले, आणि थोड्याच वर्षांत ज्याच्या हाती रेल्वेची सवलत होती त्याच्याच हाती नळही गेला.

ह्या काळात रॉकेल स्वस्त झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १८७० च्या सुमारास गॅलनला २६ सेंट असलेला भाव १८८५ पर्यंत ८ सेंटांवर आला होता. रॉकफेलरचे चाहते हा आकडा मोठ्याने सांगतात आणि तो खोटा नाही. पण त्याच सुमारास विहीर खोदणाऱ्याला नळवाला देईल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागे, कारण त्याच्या दारातून दुसरी वाट जात नव्हती. अशाच तेलकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या आयडा टार्बेल ह्या बाईंनी ती सारी कथा लिहून काढली. १९०४ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. १९०६ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा तेलाचा नळ हा सार्वजनिक वाहक समजला जाईल. म्हणजे रेल्वेसारखा: भाडे जाहीर करायचे, आणि जो भाडे देईल त्याचे तेल न्यायचे. माझ्या मते अमेरिकेतील संसाराच्या दृष्टीने लोखंडाच्या नळापेक्षा ह्या कागदी कायद्याचे मोल अधिक आहे. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलरची कंपनी मोडली, ते सगळ्यांना ठाऊक असते. हा कायदा फारसा कोणाला आठवत नाही.

पुढची तीन-चार दशके मी ओलांडून जातो. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ तेलवाहू जहाजे धडाधड बुडवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाकडचे जवळजवळ सारे तेल टेक्सासकडून ह्याच जहाजांनी येत असे. पूर्वेकडे पेट्रोलवर रेशन आले. तेव्हा सरकारी पैशाने टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत दोन प्रचंड नळ टाकले गेले: ‘बिग इंच’ २४ इंचांचा आणि ‘लिटल इंच’ २० इंचांचा. बिग इंच साडेबाराशे मैलांचा. ऑगस्ट १९४२ मध्ये काम सुरू झाले आणि वर्षभरात तेल पूर्वेला पोचले. युद्धानंतर सरकारने हे दोन्ही नळ विकून टाकले. त्यांतून पुढे तेलाऐवजी नैसर्गिक वायू जाऊ लागला.

तेलासाठी खाजगी कंपन्यांनी एकत्र येऊन नवा नळ टाकला, तो ‘कलोनियल’. १९६२ ते १९६४ ह्या काळात तो उभा राहिला. टेक्सासमधील ह्यूस्टनपासून न्यूजर्सीतील लिंडनपर्यंत, शाखांसह ५,५०० मैल. रोज सुमारे १० कोटी गॅलन. पूर्व किनाऱ्याच्या इंधनाचा पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास भाग ह्या एका नळातून येतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले-मुली न्यूजर्सीत एडिसनच्या बाजूला संसार थाटून आहेत. लिंडन तेथून जवळच. त्यांच्या गाडीतले पेट्रोल बहुधा ह्याच वाटेने आलेले असते. (न्यूजर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरण्यास १९४९ पासून कायद्याने मनाई आहे. पंपावर माणूसच भरतो, आपल्याकडच्यासारखा.)

ह्या नळातून तेल जाते कसे, हे थोडे सावकाश पाहू, कारण ते समजले म्हणजे वाहतूक इतकी स्वस्त का पडते हे आपोआप उलगडते. नळात नुसते पेट्रोल नसते. आधी एका जातीचे पेट्रोल, त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या जातीचे. शेजारच्या दुसऱ्या नळातून डिझेल, विमानाचे इंधन, घरे उबदार ठेवण्याचे तेल. दोन मालांमध्ये पडदा नसतो, भिंत नसते. नळ काठोकाठ भरलेला आणि प्रवाह जोराचा, म्हणून सीमेवर थोडाच भाग मिसळतो. घनतेवरून ती सीमा ओळखतात आणि मिसळलेला भाग वेगळ्या टाकीत काढून पुन्हा शुद्धीकरणाला पाठवतात. हे सारे तेल ताशी तीन ते पाच मैल, म्हणजे एखादा धडधाकट माणूस चालेल त्या गतीने जाते. ह्यूस्टनहून न्यूयॉर्कच्या बंदरी पोचायला अडीच आठवडे लागतात. पण व्यापारी तेवढे थांबत नाही. ह्यूस्टनला ठरल्या प्रतीचे तेल नळात घातले की त्याच प्रतीचे तेल लिंडनला मिळते. ते त्याचेच असावे असा आग्रह नसतो. आपल्याकडे पूर्वी हुंडी चाले तसाच हा प्रकार: पैसे एका गावी भरावेत, हुंडी दुसऱ्या गावी वटवावी, नाणी मात्र प्रवास करीत नाहीत. रिकामी वाघीण परत आणायची नाही, ड्रायव्हर नाही, फलाट नाही. पंपाला लागणारी वीज आणि मूळ भांडवलाचे व्याज, एवढाच मुख्य खर्च. दीड-दोन हजार मैलांचे भाडे गॅलनमागे अवघे काही सेंट पडते.

ह्या नळाची खरी किंमत कळली ती तो बंद पडला तेव्हा. ७ मे २०२१ रोजी खंडणीखोरांनी कंपनीच्या कार्यालयातील संगणक कुलूपबंद केले. नळाला एक चीरही गेली नव्हती. पण धोका नको म्हणून कंपनीनेच तो बंद केला. पाचच दिवस. तेवढ्यात आग्नेयेकडील राज्यांत हजारो पंप कोरडे पडले. लोक डबे, बादल्या घेऊन रांगा लावू लागले. प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असे एका सरकारी खात्याला जाहीरपणे सांगावे लागले! कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरांची खंडणी दिली (तिच्यातली बरीचशी सरकारने पुढे हुडकून काढली). अडचण अशी की, पर्यायी वाटेने तेल आणावे तर १९२० च्या जहाजकायद्याप्रमाणे अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारे जहाज अमेरिकेतच बांधलेले हवे. अशी जहाजे थोडी आणि महाग. त्या आठवड्यात सरकारला ह्या कायद्यातून तात्पुरती सूट द्यावी लागली.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग नळामुळे जगणे स्वस्त होते हे सिद्धच झाले! थांबा. येथे थोडा हिशेब करावा लागेल. तेलाचे पिंप ४२ गॅलनांचे. तेव्हा पिंपामागे एक डॉलर वाचला तर गॅलनमागे साधारण २.४ सेंट वाचतात. उत्तर डाकोटातील बाकन क्षेत्राचे तेल रेल्वेने समुद्रकाठी न्यायला पिंपाला १० ते १५ डॉलर आणि नळाने सुमारे ५ डॉलर, असा अंदाज २०१४ च्या सुमारास दिला जात होता. पिंपामागे ८ डॉलर वाचले असे धरू. म्हणजे गॅलनला १९ सेंट. दोन मोटारींचे एखादे कुटुंब वर्षाला हजार गॅलन जाळते असे समजू. सारीच्या सारी बचत पंपापर्यंत पोचली तर वर्षाला १९० डॉलर. शिकणाऱ्या मुलाच्या घरी ही रक्कम क्षुल्लक नव्हे. पण ती पोचते का?

योगायोगाने ह्याची परीक्षाच झाली. ओक्लाहोमातील कुशिंग हे छोटे गाव तेलाच्या नळांचे मोठे जंक्शन; अमेरिकन तेलाचा वायदेबाजारातील भाव तेथल्या मालावर ठरतो. पूर्वी समुद्राकडून तेल आत आणण्यासाठी तेथे नळ टाकले होते. २०११ च्या सुमारास उत्तर डाकोटाचे आणि कॅनडाचे तेल इतके येऊ लागले की, कुशिंगच्या टाक्या तुंबल्या आणि बाहेर न्यायला नळच नव्हता. तळे भरले, सांडवा नाही. साहजिकच तेथील तेल जगाच्या भावापेक्षा पिंपाला वीस-वीस डॉलरांनी स्वस्त झाले. भोवतालच्या मध्यपश्चिम राज्यांतील कारखान्यांना हे स्वस्त तेल मिळत होते. तेव्हा तेथील शेतकऱ्याला, मास्तराला पेट्रोलही स्वस्त मिळायला हवे होते. सेव्हरिन बोरेन्स्टीन आणि रायन केलॉग ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ह्याचा हिशेब प्रसिद्ध केला. घाऊक पेट्रोलच्या भावात ही स्वस्ताई उतरलीच नव्हती.

कारण समजायला मंडई आठवावी. गावची मेथी अपुरी पडते आणि उरलेली बाहेरगावाहून येते, तेव्हा भाव बाहेरून आलेल्या शेवटच्या जुडीचा ठरतो. गावातला माळीही तोच भाव घेतो आणि मधला फरक खिशात घालतो. मध्यपश्चिमेत थोडे पेट्रोल आखाताच्या किनाऱ्याकडून येतच होते, आणि ते जगाच्या भावाने. फरक कारखानदारांना मिळाला. २०१२ मध्ये ‘सीवे’ नावाचा नळ उलटा फिरवून त्यातून तेल समुद्राकडे जाऊ लागले, पुढे आणखी नळ झाले. मग फायदा कारखानदारांकडून विहीरवाल्यांकडे सरकला. पंपावरची पाटी ह्या सगळ्या उलाढालीत आपल्याच तंद्रीत होती.

डिसेंबर २०१५ मध्ये अशोधित तेलाच्या निर्यातीवरचे चाळीस वर्षांचे निर्बंध उठले. तेव्हापासून टेक्सासमधील नवे नळ मोठ्या प्रमाणावर समुद्राकडेच धावू लागले. म्हणजे नळ जितके वाढले तितका अमेरिकन गृहस्थ जगाच्या भावाशी अधिक घट्ट बांधला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि जूनमध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरांवर गेला. त्या वेळी देशातला एकही मोठा नळ बंद नव्हता. त्याच दिवसांत ‘किस्टोन एक्सएल’ रद्द केल्यामुळे ही महागाई आली, असे पुष्कळ पुढारी सांगत होते. बायडेन ह्यांनी २० जानेवारी २०२१ रोजी त्या नळाची परवानगी काढून घेतली हे खरे. पण तो पुरा होऊन वाहू लागायचा होता २०२३ मध्ये. न टाकलेल्या नळातून न आलेल्या तेलावर एवढे मोठे ओझे टाकणे बरे नव्हे.

जेथे नळच नाही तेथे मात्र फरक दिसतो, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियाला पूर्वेकडून डोंगर ओलांडून पेट्रोल आणणारा नळ नाही, आणि पेट्रोलची प्रतही तेथे निराळी लागते. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉरन्सच्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि सबंध राज्यात भाव चढले. नळाचे खरे काम मला हेच दिसते: तो स्वस्ताई आणीत नाही, अडचणीच्या वेळी शेजाऱ्याचे दार उघडे ठेवतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. बचत जशी सर्वांना सारखी मिळत नाही, तशी जोखीमही सारखी वाटली जात नाही. डाकोटा ॲक्सेस हा बाकनपासून इलिनॉयपर्यंतचा ११७२ मैलांचा नळ मिसुरी नदीखालून जातो. बिस्मार्क ह्या राजधानीच्या उत्तरेकडून जाणारा मार्ग आधी विचारात घेतला होता. तो सोडण्याच्या कारणांत शहराच्या पाण्याचेही कारण होते. मग तो नळ स्टँडिंग रॉक येथील सू जमातीच्या पाणवठ्याच्या वर आला. २०१६ मध्ये तेथे जो सत्याग्रह झाला तो साऱ्या जगाने पाहिला. जून २०१७ पासून नळ वाहू लागला. नेब्रास्काच्या शेतकऱ्यांनी किस्टोनविरुद्ध अशीच झुंज दिली. त्यांच्या विहिरींचे पाणी आणि सक्तीने जाणारी जमीन हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची भीती काल्पनिक नव्हती. मिशिगनमध्ये जुलै २०१० मध्ये एक नळ फुटला, धोक्याची घंटा वाजत असताना सतरा तास कोणी दखल घेतली नाही, आणि कॅलामझू नदी काळी झाली.

पण नळ नको म्हटले म्हणजे तेल जमिनीत राहते असेही नाही. ते रेल्वेने जाते. ६ जुलै २०१३ रोजी बाकनचेच तेल नेणारी मालगाडी कॅनडातील लाक-मेगांतिक गावात घसरली. ४७ माणसे जळून गेली. नळाला विरोध करणाऱ्याने हा आकडा टाळता कामा नये, आणि नळ टाकणाऱ्याने कॅलामझूचा.

बचत थेट लोकांच्या हाती देण्याचा प्रयत्न एकाच ठिकाणी नेटाने झाला, तो अलास्कात. उत्तर टोकाला प्रुडो बे येथे १९६८ मध्ये तेल सापडले. दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरापर्यंतच्या ८०० मैलांच्या नळाचा प्रश्न सेनेटात समसमान मतांवर अडला होता. जुलै १९७३ मध्ये उपाध्यक्षांनी निर्णायक मत दिले, नोव्हेंबरात कायदा झाला आणि जून १९७७ मध्ये तेल वाहू लागले. खाली बर्फाने गोठलेली जमीन. गरम तेलाने ती वितळून नळ खचेल म्हणून निम्म्याहून अधिक नळ खांबांवर उचललेला आहे. अलास्काच्या जनतेने १९७६ मध्येच घटनेत दुरुस्ती करून खनिजांच्या स्वामित्वधनाचा किमान चौथा हिस्सा कायम निधीत टाकायचे ठरवले होते. त्या निधीतून १९८२ मध्ये प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या मुलालासुद्धा, हजार डॉलर मिळाले. तेव्हापासून दरवर्षी कमीजास्त रक्कम मिळत आली आहे. मौज अशी की, त्याच अलास्कातील रस्ते नसलेल्या खेड्यांत होडक्यांनी आणि विमानांनी येणारे पेट्रोल देशात सर्वांत महाग असते. तेल तेथून निघते, पण ते शुद्ध होऊन परत यायला नळ नाही.

आणि आता त्या नळापुढे नवाच प्रश्न आहे. १९८८ मध्ये त्यातून रोज वीस लाखांहून अधिक पिंपे जात. आज पाच लाखांच्याही आत. तेल कमी, म्हणून गती मंद. गती मंद, म्हणून वाटेत ते थंड होते, मेण साचते, जागोजागी ऊब द्यावी लागते. देखभाल मात्र ८०० मैलांचीच राहते. तो खर्च थोड्या पिंपांवर वाटला जातो, भाडे चढते, तेवढा स्वामित्वधनाचा पैसा घटतो, आणि शरद ऋतूत येणाऱ्या धनादेशाची रक्कम किती असावी ह्यावरून जुनो येथील विधिमंडळात वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. २०२३ मध्ये उत्तरेकडील ‘विलो’ क्षेत्राला परवानगी मिळाली, तेव्हा तिचे समर्थन करणाऱ्या अलास्कातील अनेकांच्या युक्तिवादात हेच होते की, नळ भरता ठेवला पाहिजे.